बेचाळीस वर्षांचा नवखा

२५ सप्टेंबर १९६५ ची संध्याकाळ. अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहराच्या म्युनिसिपल स्टेडियमवर बेसबॉलचा सामना होता. मैदानाच्या कडेला एक डुलती खुर्ची मांडली होती. खुर्चीत एक उंच, काटकुळा कृष्णवर्णीय गृहस्थ बसला होता आणि त्याच्या दिमतीला पांढऱ्या गणवेशातील परिचारिका उभी होती. प्रेक्षकांत हशा पिकला होता. यजमान संघाचा मालक चार्ली फिनली असल्या क्लृप्त्यांसाठी प्रसिद्धच होता. त्याचा संघ त्या वर्षी गुणतक्त्यात तळाला होता, प्रेक्षक मैदानाकडे फिरकत नव्हते. तेव्हा लोकांनी निदान हसायला तरी यावे, हा त्याचा हिशेब!

सामन्याची वेळ झाली. म्हातारा खुर्चीतून उठला, रमतगमत मैदानाच्या मधोमध गेला आणि चेंडू टाकू लागला. समोर बॉस्टन रेड सॉक्स हा नावाजलेला संघ. तीन डाव झाले. या तीन डावांत बॉस्टनला एकही धाव काढता आली नाही. एकट्या कार्ल यास्ट्रेम्स्कीला काय तो एक फटका साधला. म्हातारा परत निघाला तेव्हा सारे प्रेक्षक उभे राहिले होते. थोड्या वेळाने मैदानावरचे दिवे मंद करण्यात आले, लोकांनी काड्या आणि लायटर पेटवले आणि त्या उजेडात त्याच्यासाठी गाणी म्हटली. थट्टा कधीच विरून गेली होती.

त्या गृहस्थाचे नाव लिरॉय रॉबर्ट पेज. जग त्याला सॅचेल पेज म्हणून ओळखते. त्या दिवशी तो ५९ वर्षांचा होता.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून दोन शब्द सांगायला हवेत. क्रिकेटमध्ये जो गोलंदाज, तो बेसबॉलमध्ये पिचर. तो साडेसाठ फुटांवरून चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो. फलंदाजासमोर जमिनीवर सतरा इंच रुंदीची एक पांढरी पट्टी असते, तिला होम प्लेट म्हणतात. या पट्टीच्या वरून, फलंदाजाच्या छाती-गुडघ्याच्या दरम्यान चेंडू गेला आणि फलंदाजाला तो मारता आला नाही, तर ती एक स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद. चार चेंडू भलतीकडे गेले, तर मात्र फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो. म्हणजे पिचरच्या अंगी वेग तर हवाच, पण त्याहून अधिक हवी ती अचूकता. सॅचेल पेज सरावाला होम प्लेटऐवजी च्युइंगगमचा कागद जमिनीवर ठेवायचा आणि चेंडू त्या कागदावरून नेऊन दाखवायचा. असा हा माणूस. आणि तरीही अमेरिकेतील सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, त्याला पहिला चेंडू टाकायला मिळाला तो वयाच्या ४२ व्या वर्षी. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

बॅगा उचलणारा पोरगा

सॅचेलचा जन्म ७ जुलै १९०६ चा, अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या गावचा. वडील जॉन माळीकाम करीत, आई लुला लोकांचे कपडे धूत असे. घरात बारा भावंडे. पोरवयातच तो रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या बॅगा उचलू लागला. एका खेपेला एकच बॅग न्यायची तर मिळणार किती? म्हणून त्याने काठी आणि दोऱ्यांची एक जुळणी केली आणि तीनचार बॅगा एकदम लटकवून तो चालू लागला. इंग्रजीत अशा बॅगेला सॅचेल म्हणतात. तेच नाव त्याला चिकटले. बॅगा उचलण्याऐवजी एक बॅग पळवताना पकडला गेला म्हणून ते नाव पडले, असेही त्याचा एक बालमित्र सांगत असे. सॅचेलच्या आयुष्यातील बहुतेक गोष्टींना अशा दोनदोन कथा आहेत.

बारावा वाढदिवस झाला आणि तीन आठवड्यांच्या आत तो एका दुकानातून खेळण्यातल्या अंगठ्यांसारख्या किरकोळ वस्तू उचलताना सापडला. शाळा बुडवण्याचा गुन्हा आधीच नावावर होता. त्याची रवानगी माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. चोरी काही आण्यांची आणि शिक्षा साडेपाच वर्षांची! पण तिथेच त्याला एडवर्ड बर्ड नावाचे शिक्षक भेटले. पोराचे हातपाय लांब आहेत, हे त्यांनी हेरले. चेंडू टाकताना डावा पाय इतका उंच उचलायचा की फलंदाजाला समोर बुटाचा तळवाच दिसावा, आणि हात अगदी शेवटच्या क्षणापर्यंत मागे ठेवून मग चेंडू सोडायचा, हे त्यांनी त्याला शिकवले. पाच वर्षांचे स्वातंत्र्य देऊन आपण ही विद्या विकत घेतली, असा हिशेब सॅचेल पुढे मांडत असे. सौदा वाईट झाला नाही, असेही त्याला वाटे. १९२३ च्या अखेरीस तो सुटून घरी आला.

दोन अमेरिका, दोन बेसबॉल

त्या काळी अमेरिकेत बेसबॉल दोन होते. एक गोऱ्यांचा आणि एक काळ्यांचा. मेजर लीगच्या नियमांत कृष्णवर्णीयांना मनाई आहे, असे कुठेही लिहिलेले नव्हते. लिहायची गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सगळ्या संघमालकांनी आपसांत ठरवून दार बंद केले होते. तेव्हा रूब फॉस्टर या कृष्णवर्णीय खेळाडूने १९२० मध्ये कॅन्सस सिटीत बैठक घेऊन नीग्रो नॅशनल लीग ही स्वतंत्र स्पर्धा उभी केली. त्या पाठोपाठ आणखी काही लीग निघाल्या. गोऱ्यांच्या मैदानावर मुख्य संघ परगावी गेला की ती मैदाने भाड्याने घ्यायची, सामने खेळायचे आणि मग बसमध्ये बसून पुढच्या गावी जायचे, असा हा संसार होता.

सॅचेल १९२६ मध्ये शॅटनूगा शहराच्या संघातून व्यावसायिक झाला, पुढल्या वर्षी बर्मिंगहॅमला गेला आणि १९३० नंतरच्या काळात पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघाचा मुख्य आधार बनला. जॉश गिब्सनसारखा राक्षसी ताकदीचा फलंदाज आणि कूल पापा बेलसारखा वाऱ्याच्या वेगाने पळणारा खेळाडू याच संघात होते. पण लोक यायचे ते मुख्यतः सॅचेलला बघायला. मैदानात येताना त्याची चाल अशी की जणू त्याला कुठेच पोचायचे नाही. फेकलेला चेंडू मात्र डोळ्यांना दिसायचा नाही. आपल्या निरनिराळ्या चेंडूंना त्याने नावेही ठेवली होती. एकाचे नाव मध्यरात्रीचा सरपट्या, एकाचे बॅटला हुलकावणी देणारा! कधी रंगात आला की तो आपल्या क्षेत्ररक्षकांना खाली बसायला सांगे आणि एकट्याने फलंदाज बाद करून दाखवी.

लीगच्या सामन्यांवर पोट भरत नसे. त्यामुळे उरलेल्या दिवसांत गावोगाव फिरून प्रदर्शनी सामने खेळणे आलेच. हिवाळ्यात गोऱ्या खेळाडूंचे संघही त्यात असत. मेजर लीगचा त्या काळचा सर्वांत मोठा पिचर डिझी डीन सॅचेलविरुद्ध असे अनेक सामने खेळला आणि आपण पाहिलेल्यांत सॅचेल सर्वश्रेष्ठ, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. पुढे महान ठरलेला जो डिमॅजिओही तेच म्हणत असे. म्हणजे प्रदर्शनी सामन्यात काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायला हरकत नव्हती, लोक तिकिटे काढून बघत होते, गोरे खेळाडू त्याला दाद देत होते. फक्त सामन्यांची अधिकृत नोंद ठेवायची वेळ आली की दार बंद!

मैदानाबाहेर तर दारे जागोजागी बंद होती. हॉटेलात खोली नाही, खानावळीत बसायला जागा नाही. मागच्या दाराने मिळेल ते घ्यायचे, मोटारीत खायचे आणि मोटारीतच झोपायचे. उत्तरेकडे नॉर्थ डकोटा राज्यात बिस्मार्क नावाचे गाव आहे. तिथल्या नील चर्चिल या मोटारविक्रेत्याने काळे आणि गोरे खेळाडू एकाच संघात घेतले होते. १९३५ मध्ये या संघाने सॅचेलच्या जोरावर विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पण त्या गावात सॅचेल आणि त्याची पत्नी जॅनेट यांना कोणी भाड्याने घर दिले नाही. गावाला विजय मिळवून देणारा हा माणूस रेल्वेच्या मालडब्यात संसार मांडून राहिला.

भटक्या आणि त्याचा हात

सॅचेल काही संत नव्हता. करार मोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे तो निघून जाई. सामन्याला उशिरा पोचणे, कधी न पोचणे, मोटार बेफाम हाकणे, पैसा उधळणे हे सारे त्याच्या खात्यावर आहे. १९३७ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा ट्रुहियो याच्या माणसांनी त्याला गाठले. राजधानीला त्या वेळी हुकूमशहाचेच नाव दिलेले होते. तिच्या संघासाठी सॅचेल आणि त्याचे साथीदार मिळून ३० हजार डॉलर देऊ केले गेले. सॅचेल गेला आणि त्याच्यामागून गिब्सन, बेल असे पिट्सबर्गचे खंदे वीर गेले. संघ जिंकला. मैदानाभोवती बंदुकधारी सैनिक उभे होते आणि हरलो असतो तर जिवंत परतलो नसतो, अशी कहाणी सॅचेलने पुढे आयुष्यभर रंगवून सांगितली. इकडे पिट्सबर्गचा संघ मात्र मोडकळीला आला तो आलाच.

पण या भटकेपणाकडे बघताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्याच्यासाठी मोठे घर बंद आहे, त्याने कोणाच्या ओसरीवर निष्ठेने बसून राहावे? हातात जोर आहे तोवर कमावून घ्यावे, हा व्यवहार त्याला परिस्थितीनेच शिकवला होता.

आणि एके दिवशी तो जोरही गेला. १९३८ मध्ये मेक्सिकोत खेळताना त्याचा खांदा इतका दुखू लागला की हात वर होईना. आता चेंडू टाकणे विसरा, असे डॉक्टरांनी सांगितले. वय ३२. कालपर्यंत मागे लागणारे मालक दिसेनासे झाले. तेव्हा कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाचा मालक जे. एल. विल्किन्सन पुढे आला. हा गोरा माणूस नीग्रो लीगमध्ये सर्वांच्या आदरास पात्र ठरलेला होता. १९३० मध्ये त्याने कर्ज काढून ट्रकवर बसवलेले फिरते दिवे तयार केले आणि रात्रीचे सामने सुरू केले. मेजर लीगला ही गोष्ट सुचायला आणखी पाच वर्षे लागली. विल्किन्सनने सॅचेलला आपल्या दुय्यम संघात घेतले. नुसता मैदानात दिसला तरी लोक येतील, एवढीच अपेक्षा. सॅचेल कधी पहिल्या तळावर उभा राही, कधी हळू चेंडू टाकी. संघाचा मालीशवाला त्याच्या खांद्यावर मेहनत घेत होता. आणि काही महिन्यांनी हात परत आला! निव्वळ वेगावर जगणारा सॅचेल या आजारपणात नवे चेंडू शिकून बसला होता. हात पुढे आणताना मध्येच क्षणभर थांबून सोडायचा चेंडू तर फलंदाजाला वेडे करी.

१९४२ साली मोनार्क्सने नीग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये होमस्टेड ग्रेज संघाला सलग चार सामन्यांत धूळ चारली. त्या मालिकेतील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तिसऱ्या तळावर प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू होता. सॅचेलने पुढच्या दोन फलंदाजांना मुद्दाम फुकट तळ दिले, कारण त्याला तिन्ही तळ भरलेले असताना जॉश गिब्सनला सामोरे जायचे होते. मग प्रत्येक चेंडू कुठे येणार हे गिब्सनला आधी सांगून त्याने तीन स्ट्राइकमध्ये त्याला बाद केले. त्या वेळच्या वृत्तपत्रांतील वर्णन या कथेशी पूर्णपणे जुळत नाही. गिब्सन तीन स्ट्राइकमध्ये बाद झाला हे मात्र खरे.

दार उघडले, पण...

दुसरे महायुद्ध संपले आणि वारे बदलले. कृष्णवर्णीय सैनिक देशासाठी लढून आले होते. त्यांना बेसबॉल मात्र खेळता येणार नाही, हे आता उघडपणे सांगणे अवघड झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रूकलिन डॉजर्स संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू करारबद्ध केल्याची बातमी आली. खेळाडू मोनार्क्सचाच होता. पण तो सॅचेल नव्हता. तो होता त्याच वर्षी मोनार्क्समध्ये आलेला, महाविद्यालयात शिकलेला, २६ वर्षांचा जॅकी रॉबिन्सन.

निवड चुकीची होती असे कोणी म्हणणार नाही. शिव्याशाप आणि धमक्या मुकाट गिळण्याचा संयम लागणार होता, आणि रॉबिन्सनने तो दाखवला. सॅचेलनेही चारचौघांत रॉबिन्सनची स्तुतीच केली. पण आतून तो दुखावला होता. वीस वर्षे गोऱ्या खेळाडूंना हरवून काळा माणूस त्यांच्या तोडीचा आहे हे त्याने गावोगाव सिद्ध केले होते. ज्या दारावर तो इतकी वर्षे धडका देत होता, ते उघडले आणि आत दुसराच गेला. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला. जॉश गिब्सन त्याआधी तीनच महिने, ३५ व्या वर्षी, वारला होता. त्याला तर उशिरासुद्धा संधी मिळाली नाही.

सॅचेलची पाळी आली ती ७ जुलै १९४८ रोजी, त्याच्या ४२ व्या वाढदिवशी. क्लीव्हलँड इंडियन्सचा मालक बिल व्हेक याला चुरशीच्या लढतीत आणखी एक पिचर हवा होता. कर्णधार-व्यवस्थापक लू बूड्रोने स्वतः बॅट हातात घेऊन सॅचेलची परीक्षा घेतली आणि लगेच होकार दिला. खेळाच्या एका मान्यवर साप्ताहिकाने हा निव्वळ प्रसिद्धीचा खेळ असल्याची टीका केली. उत्तर सॅचेलच्या हाताने दिले. ९ जुलैला तो पहिल्यांदा उतरला आणि दोन डावांत एकही धाव दिली नाही. मेजर लीगमधला हा सर्वांत वयस्कर नवखा! सुरुवातीपासून चेंडू टाकलेल्या त्याच्या पहिल्या तीन सामन्यांना मिळून दोन लाखांवर प्रेक्षक लोटले. त्या मोसमात त्याने सहा सामने जिंकले आणि एकच हरला. क्लीव्हलँड आणि बॉस्टन यांची मोसमाअखेर बरोबरी झाली होती आणि एका जादा सामन्यावर निकाल लागला, हे लक्षात घेतले की त्या सहा विजयांचे मोल कळते. पुढे वर्ल्ड सिरीजही क्लीव्हलँडने जिंकली. तीत ८६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर सॅचेलने चेंडू टाकला. वर्ल्ड सिरीजमध्ये असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय पिचर.

त्यानंतर व्हेकच्याच सेंट लुइस ब्राउन्स संघाकडून तो १९५१ ते १९५३ खेळला. ऑगस्ट १९५२ मध्ये, ४६ व्या वर्षी, डेट्रॉइटविरुद्ध सलग बारा डाव टाकून त्याने एकही धाव दिली नाही आणि सामना १-० असा जिंकून दिला. त्या आणि पुढच्या वर्षी त्याची ऑल-स्टार संघात निवड झाली.

त्याचे खरे वय किती, हा तोवर सगळ्या देशाचा विरंगुळा झाला होता. विचारले की सॅचेल दर वेळी वेगळे उत्तर देई. जन्मतारीख लिहिलेले घरचे बायबल बोकडाने खाल्ले, ही त्याची आवडती कथा. व्हेकने माणसे पाठवून मोबीलहून जन्माचा दाखला काढवला तरी चर्चा थांबेना. लोक हसत, तोही हसे. पण त्या हसण्याआड एक उघड सत्य होते. इतरांचे वय मोजले जाते ते त्यांना मिळालेल्या वर्षांनी. सॅचेलच्या बाबतीत मोजायची होती ती हिरावलेली वर्षे. ती कोणाला विचारायची नव्हती, म्हणून सगळे त्याचे वय विचारत राहिले.

शेवटचा हिशेब

खेळणे थांबले तरी पोट थांबत नाही. दुसरी पत्नी लाहोमा आणि मुले यांचा संसार होता. मेजर लीगचे निवृत्तिवेतन मिळायला त्याला १५८ दिवस कमी पडत होते. १९६८ मध्ये त्याने सर्व संघांकडे शब्द टाकला. अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला नावापुरता खेळाडू म्हणून घेतले आणि ते दिवस भरून काढले. वयाच्या ६२ व्या वर्षी हा थोर खेळाडू हजेरीपटावरचे दिवस मोजत होता!

१९६६ मध्ये कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गोरा फलंदाज टेड विल्यम्स याचा सत्कार झाला. आपल्या भाषणात त्याने सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांचे नाव घेतले आणि संधी न मिळालेल्या अशा खेळाडूंनाही इथे जागा मिळावी, अशी इच्छा बोलून दाखवली. पाच वर्षांनी सॅचेलची निवड झाली, पण नीग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळा विभाग असेल, असे जाहीर झाले. म्हणजे कीर्तिमंदिरातही मागचे दार! देशभर निषेध झाला, निर्णय फिरवावा लागला आणि ९ ऑगस्ट १९७१ रोजी सॅचेल इतर सर्वांच्या बरोबरीने आत गेला.

५ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटीतील एका मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. तो चाकाच्या खुर्चीतून आला होता. तीन दिवसांनी, ८ जूनला, हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

मेजर लीगच्या अधिकृत पुस्तकात कितीतरी वर्षे सॅचेल पेजच्या नावापुढे २८ विजय आणि ३१ पराभव एवढेच लिहिलेले होते. आकडेच तेवढे बघणाऱ्याला हा एक सामान्य पिचर वाटला असता. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा देण्यात आला आणि २०२४ मध्ये त्यांतील आकडे अधिकृत नोंदीत सामील झाले. गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांचा हिशेब मात्र आता कधीच लागणार नाही. त्या वेळी तो कोणी नीट ठेवलाच नव्हता.

नोंदी दुरुस्त झाल्या, हे चांगलेच झाले. पण पंचविशीतला सॅचेल, ज्याचा चेंडू दिसत नसे असे त्याला खेळलेले सांगत, त्याला मेजर लीगच्या मैदानावर कोणीच पाहिले नाही. ते नुकसान एकट्या सॅचेलचे नाही. ज्यांनी दार बंद ठेवले, त्यांच्या मुलाबाळांनीही तो खेळ गमावला. कॅन्सस सिटीत त्या संध्याकाळी काड्या पेटवून उभ्या राहिलेल्या लोकांना बहुधा हेच उमगले असावे. तीन डावांसाठी का होईना, चुकलेले काहीतरी त्यांना डोळ्यांनी बघायला मिळाले होते.